ड्रायव्हरला मुलगी नव्हती

रविवार, ८ मे १९८३. दुपारी दोन वाजता, माझ्या खोलीत. व्हिडिओ मशीन आणि दोन कॅसेटी, चोवीस तासांचं भाडं एकशे वीस रुपये. वर्गणी जमा एकशे बारा, अधिक माझ्या पदरचे आठ. हजर एकेचाळीस, त्यात मुलं सतरा. दाराबाहेर उभा एक, तो मोजलेला नाही.

अंकुश, हे मी आठवून लिहीत नाही, वहीत बघून लिहितो. तुला जाऊन आज चौदा दिवस झाले. काल तुझं तेरावं आटपलं. आज सकाळी शैलावहिनी म्हणाल्या, "भावोजी, तुमच्याकडे त्यांचं काही लिहिलेलं असेल ना? ते काय काय बोलायचे ते तुम्ही वहीत घ्यायचात." म्हणून लाकडी पेटीतून चाळीची सिनेमाची वही काढली. तुझ्या हातचं त्यात एक अक्षर नाही, कारण तू लिहायचा कंटाळा करायचास. पण तू बोललेलं मात्र बरंच आहे, आणि त्यातलं सगळ्यात जास्त त्या रविवारच्या पानावर आहे.

आपली सिनेमाची पद्धत आता कोणाला सांगितली तर हसतील. भटवाडीच्या टेकडीवरची आपली बैठी चाळ, चोवीस खोल्या. दर दोन महिन्यांनी मशीन आणायचं. टीव्ही माझा, लाकडी शटरवाला, ब्लॅक अँड व्हाईट. खिडक्यांना आमच्या हिच्या चादरी, पंखा एक, आणि त्याच्या वाऱ्यासाठी मुलांची मारामारी. सिनेमा संपला की कोणी उठायचं नाही. चहा व्हायचा आणि प्रत्येक मोठ्या माणसाने आपलं मत सांगायचं, मी ते वहीत उतरवायचं. शेवट आधी फोडला तर आठ आणे दंड. मध्ये चुकीचं सांगितलं तर आठ आणे दंड. ही दंडाची कल्पना माझी, आणि सगळ्यात जास्त दंड भरणारा तू.

तू फोर्टातल्या इंग्रजी थिएटरात डोअरकीपर. ड्युटी नसली तरी टॉर्च खिशात. माझ्या दहा बाय पंधराच्या खोलीत कोणी उशिरा आलं की तू जमिनीवर टॉर्चचा उजेड पाडून त्याला जागेवर नेऊन बसवायचास. "तिकीट?" असं गंभीर आवाजात विचारायचास. आमच्या हिलाही सोडलं नाहीस. स्वतःच्या घरात चहाचा ट्रे घेऊन आली तर म्हणालास, "वहिनी, बाल्कनी फुल हा. स्टॉलमध्ये बसा."

त्या रविवारी व्हिडिओवाला सायकलवर ट्रंक बांधून आला. ट्रंकेत घोंगडीत गुंडाळलेलं मशीन. दोन कॅसेटी ठरल्या होत्या, एक हिंदी मारामारीची आणि एक देवाधर्माची, दाजीच्या आईसाठी. देवाधर्माची दुसरीकडे गेली म्हणून त्याने बदली म्हणून एक इंग्रजी आणली होती. मी त्याच्याशी भाड्यात दहा रुपये कमी करण्याबद्दल बोलत होतो, तेवढ्यात तू कॅसेट हातात घेतलीस, चिठ्ठीवरचं नाव वाचलंस आणि खाली पायरीवर बसलास.

"अरे घाट्या, ह्यो माझो सिनेमा," म्हणालास. "मी नोकरीत नवो लागलंय तेव्हा लागलेलो. अकरा आठवडे चाललो. रोज तीन खेळ. आठवड्याची एक सुट्टी सोडली तर एक खाडो नाय माझो."

हे मी वहीत लिहून ठेवलेलं आहे. अकरा आठवडे, रोज तीन खेळ, आठवड्याला एक सुट्टी. आकडे माझ्या समोर होते. मी फक्त गुणाकार केला नाही.

आता त्या एकशे बारा आणि आठचं सांगतो, कारण ते तुझ्या-माझ्यात कधी नीट बोललं गेलं नाही.

चोवीस खोल्यांपैकी दहा खोल्या गिरणीवाल्यांच्या. संपाला सवा वर्ष उलटून गेलं होतं. गिरणीवाल्यांकडून वर्गणी घ्यायची नाही असं चाळीने ठरवलं होतं, उरलेल्या चौदा खोल्यांनी आठ-आठ रुपये द्यायचे. ते झाले एकशे बारा. पण अकरा दिवसांपूर्वी त्या दहातला एक, सखाराम, कामावर परत गेला होता. सकाळी डबा घेऊन निघाला आणि गिरणीच्या गेटातून आत गेला. तेव्हापासून त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं.

आपल्या चाळीत एखाद्याला बाजूला टाकायचं तर त्याच्याशी भांडत नाहीत, त्याला नळावर अडवत नाहीत. त्याची वर्गणी घेत नाहीत. गणपतीची नाही, पूजेची नाही, कुणाच्या मयताचीसुद्धा नाही. त्याच्यासाठी यादीत नावच नसतं. सखारामने शनिवारीच मला आठ रुपये आणून दिले होते. म्हणाला, "मी आता पगारी माणूस, मला माफी नको." मी ते घेणार होतो. हिशोबाने ते बरोबर होतं, एकशे बारा आणि आठ, एकशे वीस, एक पैसा इकडे तिकडे नाही. पण दाजी माझ्या मागेच उभा होता. चाळीतल्या संपवाल्यांचा म्होरक्या, वयाने आपल्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, तीस वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काढलेला. तो शांतपणे म्हणाला, "कॅशियर, त्याचे आठ त्या भाड्यात गेले, तर आमच्या नऊ खोल्यांतलं कोणी तुझ्या दारात पाय ठेवणार नाही."

मी सखारामचे पैसे परत केले आणि माझे आठ घातले. हे मी न्यायाने केलं असं म्हणत नाही. मला सिनेमाचा रविवार मोडायचा नव्हता.

सखारामची मुलगी, मंदा, आत मुलांमध्ये बसली. मुलांना यादी लागू नव्हती. सखाराम उंबऱ्याबाहेर उभा राहिला, खांबाला टेकून. तू टॉर्च घेऊन त्याच्यापर्यंत गेलास, क्षणभर थांबलास आणि परत आलास. तिकीट विचारलं नाहीस. मला वाटलं, तूही दाजीला घाबरलास.

मग सिनेमा सुरू झाला आणि तू टीव्हीच्या बाजूला स्टुलावर बसून सांगायला लागलास. तू सांगत होतास म्हणूनच आपण इंग्रजी सिनेमे बघायचो. माणसांची नावं तू कधी सांगायचा नाहीस, नावांनी गोंधळ होतो म्हणायचास. टोपीवालो, चष्मेवालो, पोरगो, म्हातारो आणि डायवर. समुद्राकाठचं मोठं हॉटेल, त्यात जुगाराचा अड्डा, आणि सणाच्या गर्दीत तो लुटायचा बेत पाच जणांचा. चौघांनी आत जायचं, ड्रायव्हरने मागच्या दाराशी बंद गाडी घेऊन बारा मिनिटं थांबायचं. एकाने दुसऱ्याला सोडून जायचं नाही, ही त्यांची आपसातली शपथ.

माझा टीव्ही ब्लॅक अँड व्हाईट, म्हणून तू रंगही सांगायचास. "गाडी हिरवी हा. बाईचो झगो लाल भडक. म्हाताऱ्याचे डोळे घारे." रंगांच्या बाबतीत तू खरं बोललास की खोटं, हे तपासायला माझ्याकडे तेव्हा साधन नव्हतं आणि आजही नाही.

लुटीचा आकडा आला तेव्हा मी बोललोच. तीस लाख डॉलर, सगळ्या दहाच्या नोटा, असं त्यातला चष्मेवाला स्वतः म्हणाला. म्हणजे तीन लाख नोटा. आमच्या कंपनीत मी नोटांची गड्डी काट्यावर ठेवून बघितली होती, नोटेला साधारण एक ग्रॅम धरायला हरकत नाही. तीनशे किलो. चौघांत वाटले तर माणशी पंचाहत्तर किलो. आणि हे लोक पिशव्या घेऊन जिन्याने पळत होते.

"अरे मेल्या," तू म्हणालास, "सिनेमा हा ह्यो. रेशनचो गहू नाय."

सगळी खोली हसली. बाहेर खांबाशी सखारामही हसला असावा, कारण दाजीने वळून दाराकडे बघितलं आणि हसू थांबलं.

त्यानंतरचं मी जसं घडलं तसं लिहितो.

ड्रायव्हर टेलिफोनवर बोलत होता. पलीकडे एक तरुण बाई. माझं इंग्रजी मॅट्रिकचं, अधिक वीस वर्षं कंपनीची पत्रं वाचून झालेलं. मला ऐकू आलं ते असं, की आठवड्याभरात आपण श्रीमंत होऊ आणि हे शहर सोडून जाऊ. तू मात्र सांगितलंस, "डायवर बायकोक इचारता, चेडवाच्या शाळेची फी भरलंस काय? ती म्हणता, नाय. शाळेतून चिठ्ठी आयली. नाव काढतले. तो म्हणता, नाव काढू देव नको, मी बघतंय."

मी म्हणालो, "अंकुश, त्याला मुलगी कुठून आली?"

"पयल्यापासून हा. तू नोटा मोजत होतंस तेव्हा दाखवली."

पुढे तो मागच्या दाराचा प्रसंग. ड्रायव्हर गाडीत बसलेला, भिंतीवर मोठं घड्याळ. मी घड्याळ बघत होतो, घड्याळ दिसलं की मी बघतोच. काटा नऊच मिनिटं पुढे सरकला होता, तेव्हा त्याने गाडी सुरू केली आणि निघून गेला. चौघं आत राहिले. कोणी दाराकडे बघितलं नाही, पण सगळ्यांना दार कुठे आहे हे माहीत होतं. तू स्टुलावरून जरा पुढे सरकलास.

"बारा मिनिटांचो करार होतो," तू म्हणालास. "ह्यो वीस मिनिटां थांबलो. वीस. मगे गेलो."

मी तोंड उघडलं तर आमच्या हिने माझ्या मांडीवर हात ठेवला. तो हात दटावण्यासाठी होता की पंख्याच्या वाऱ्यासाठी सरकायला सांगत होता, मला कळलं नाही. मी तोंड मिटलं.

आणि शेवट. चौघं पकडले गेले. म्हाताऱ्याला बेड्या घालून धक्क्यावरून नेत होते आणि गर्दीत त्याला ड्रायव्हर दिसला. म्हातारा थांबला आणि त्याला एकच वाक्य बोलला. मला ते स्पष्ट ऐकू आलं. तो म्हणाला, तुझं तोंड मी मरेपर्यंत विसरणार नाही. तू आवाज खाली आणलास. इतकी वर्षं थिएटरात काढून तुला माहीत होतं की हळू बोललं की लोक जास्त ऐकतात.

"म्हातारो म्हणता, तुझ्या जागी मी असतंय, तर मीपण ताच केला असता."

पडदा काळा झाला. चहा आला. मी वही काढली.

ती मतं आता परत वाचली. आमच्या हिचं मत: इतका पैसा, पण एकही बाई धड जेवताना दाखवली नाही. दाजीच्या आईचं मत: देव एकही नाही, पण समुद्र छान आहे. शैलावहिनींचं: टोपीवाल्याने घरात टोपी काढायला हवी होती. माझं मत तीनशे किलो. मग दाजी. दाजी बराच वेळ बशीतला चहा फुंकत बसला. मी वहीत त्याचे शब्द जसेच्या तसे घेतले आहेत: "वीस मिनिटं थांबला म्हणजे थांबला. त्याला दोष देता येत नाही. मी असतो तर आणखी थांबलो असतो. पण ते माझं झालं."

त्यानंतर त्याने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कॅशियर, सखारामचे आठ घेतलेस?"

"नाही."

"घे. हिशोब पुरा कर."

सखाराम उंबऱ्यावर आला. पैसे हातातच होते, शनिवारपासून तेच, पाचाची एक नोट आणि रुपयाच्या तीन. मी घेतले, त्याचं नाव लिहिलं. यादीत आलेला माणूस म्हणून त्याचंही मत विचारणं भाग होतं. तो म्हणाला, "मला सिनेमातलं कळत नाय. पण त्याची पोरगी पुढं काय झाली ते दाखवायला हवं होतं."

"शिकली," तू लगेच म्हणालास. "दुसऱ्या भागात हा."

लोक हसले. सखाराम आत येऊन बसला. दाजी त्याच्याशी त्या दिवशी बोलला नाही, पावसाळाभर बोलला नाही. पण गणपतीच्या यादीत सखारामचं नाव होतं, आणि आरास बांधताना दोघं एकाच बांबूची दोन टोकं धरून उभे होते. बोलणं तिथे सुरू झालं असावं, बांबू डावीकडे घे, उजवीकडे घे, एवढ्यावर.

इथपर्यंत मी बरा वागलो. पुढचं माझं आहे.

मशीन सोमवारी सकाळी नऊला परत द्यायचं होतं. मी सहाला उठलो, आवाज बारीक केला आणि तीन जागा पुन्हा लावून बघितल्या. टेलिफोन, घड्याळ, धक्का. तिन्ही ठिकाणी माझं बरोबर होतं. मला फार समाधान झालं, हे कबूल करतो. वहीत लिहिलं, "निवेदनात चुका तीन. दंड दीड रुपया." आणि वही घेऊन नळावर गेलो. तिथे अर्धी चाळ बादल्या घेऊन उभी होती. दाजी होता, सखारामची बायको होती. तू दात घासत होतास.

"अंकुश," मी म्हणालो, "तीन चुका. पुराव्यानिशी. वाचू का?"

तू चूळ भरलीस, खोलीत गेलास आणि दीड रुपया आणून माझ्या हातावर ठेवलास. माझ्या कानाशी आलास.

"वाचू नको रे मोठ्यानं. डोअरकीपर हाय मी. माझी लाज जायल."

मी वाचलं नाही. मला वाटलं, मी मैत्रीखातर तुझी अब्रू राखली. घरी येऊन हिला सांगितलंही, की अंकुशचं इंग्रजी कच्चं आहे, पण मी झाकून घेतलं.

नंतरची सहा वर्षं मी तुला त्यावरून छळलं. "वीस मिनिटंवाला" म्हणून हाक मारायचो. तू इंग्रजी पेपरातलं काही वाचून दाखवलंस की विचारायचो, "ह्यात कोणाला मुलगी बिलगी?" थिएटरात तुझ्या हाताखालची पोरं तुझ्याकडून सिनेमाचे संवाद शिकायची, तुला शब्द न् शब्द पाठ असतो हे फोर्टात सगळ्यांना माहीत होतं, आणि भटवाडीत मी तुला कच्चा ठरवून ठेवला होता. तू एकदाही उलट बोलला नाहीस. फार झालं की म्हणायचास, "आणू परत ती कॅसेट. मगे सांगतंय तुका." मागच्या दिवाळीत शेवटचं म्हणालास. मी म्हणालो, आता सगळीकडे कलर टीव्ही आलेत, तुझे रंगही तपासता येतील. तू हसलास. कॅसेट आणायची राहिली. त्या व्हिडिओवाल्याने दुकान बंद केलं, तिथे आता झेरॉक्स आहे.

आज सकाळी वही उघडली तेव्हा पहिल्यांदा दोन्ही पानं शेजारी बघितली. डाव्या पानावर तुझे आकडे, उजव्या पानावर माझ्या तीन चुका. अकरा आठवडे, सहा दिवस, तीन खेळ. एकशे अठ्ठ्याण्णव. तू अर्धा वेळ दाराबाहेर असशील असं धरलं, तरी नव्व्याण्णव. नव्व्याण्णव वेळा बघितलेल्या सिनेमात ज्याला गाडीचा रंग आठवतो, तो माणूस ड्रायव्हरला मूल होतं की नव्हतं हे विसरेल का?

आणि दुसरी गोष्ट. चोर पाच होते. दोन तास तू न थांबता बोललास. माणूस खरंच चुकत असेल तर चुका इकडे तिकडे विखुरतात. टोपीवाल्यात एक, पोरग्यात एक. हे मला तरी माहीत असायला हवं होतं, माझा जन्म चुका शोधण्यात गेला. तुझ्या तिन्ही चुका एकाच माणसाच्या बाबतीत होत्या. आणि तिन्ही त्याच्या बाजूच्या.

मी वही तशीच काखेत घेऊन सखारामकडे गेलो. तो आता गिरणीत नाही, गिरणीच राहिली नाही तशी. कांजूरला एका कारखान्यात वॉचमन आहे, आज त्याची सुट्टी होती. मंदा दाराशी बसून शैलावहिनींसाठी तुझ्या थिएटरच्या फंडाचा अर्ज इंग्रजीत लिहीत होती. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. गेल्या वर्षापासून ती शाळेत शिकवते.

मी सखारामला म्हणालो, "त्या सिनेमातल्या ड्रायव्हरला मुलगी नव्हती."

तो म्हणाला, "माहीत आहे."

"कधी कळलं?"

"तेव्हाच. फोनवर ती बाई हसत होती. फी भरली नाय म्हणताना कोण हसतं? तू इंग्रजी ऐकत होतास, मी तोंड बघत होतो." मग म्हणाला, "मंदाची फी थकलेली, दहावीत जायच्या आधीच शाळेतून नाव काढणार होते. मी कामावर का गेलो ते चाळीत फक्त अंकुशला सांगितलेलं. तो म्हणालेला, कोणाला सांगणार नाय. नाय सांगितलं ना त्यानं."

"मग त्याला काही बोललास का नंतर?"

"काय बोलायचं? आठ दिवसांनी फोर्टात गेलो होतो. तो दारावर उभा होता. मला बघून टॉर्च मारली आणि विचारलं, तिकीट?"

दाजीला मात्र आता विचारता येणार नाही. तो दोन वर्षांपूर्वी गावी गेला आणि तिथेच गेला. पण ते घड्याळ भिंतीवर चांगलं ताटाएवढं होतं, आणि दाजीने तीस वर्षं घड्याळ बघून पाळ्या केल्या होत्या. नऊ मिनिटं त्यालाही दिसली असतील असं मला आज वाटतं. म्हणजे खोलीत कळलं नाही ते इंग्रजी येणाऱ्या एकट्या माणसाला.

सोमवारी नळावर मी ती तीन वाक्यं मोठ्याने वाचली असती तर काय झालं असतं, याचा विचार करतोय. दाजीला सगळ्यांसमोर ऐकावं लागलं असतं, की ड्रायव्हर वीस मिनिटं थांबला नव्हता. सखारामचे आठ रुपये परत करावे लागले असते. तुझ्याकडे मला थांबवायला एकच वस्तू होती, तुझी स्वतःची अब्रू, ती तू दीड रुपयाबरोबर माझ्या हातावर ठेवलीस. आणि मी ती मोजून घेतली, पावतीसकट.

अंकुश, तू मला का नाही सांगितलंस, हे मी सकाळपासून स्वतःला विचारतोय. उत्तर मला आवडत नाही, पण ते असं आहे की मी वहीत लिहिलं असतं. आज लिहितोच आहे. सखारामला विचारून लिहितो, मंदासमोर विचारलं. ती म्हणाली, "काका, लिहा. आणि दुसरा भाग आहे म्हणून लिहा."

तीनशे किलोच्या बाबतीत मात्र मी मागे हटत नाही. ते वजन त्या चौघांना उचललं नसतं. हा वाद आपला तसाच राहिला.

बाकीचं पुरं केलं. वहीत त्या रविवारच्या पानावर "निवेदनात चुका तीन" ही ओळ खोडली आणि बाजूला आजची तारीख घालून सही केली. मग तुझ्या घरी गेलो. टॉर्च तुझ्या फोटोखाली ठेवली आहे. शैलावहिनी तांदूळ निवडत होत्या. मी दीड रुपया त्यांच्या हातात दिला, एक रुपया आणि एक आठ आण्याचं नाणं.

"हे कसले, भावोजी?"

"दंड घेतला होता. चुकून."

"कोणाची चूक?"

"माझी," म्हणालो. त्यांनी नाणी पदराला बांधली. वहीत नोंद केली आहे: परत दिले, रुपये एक पन्नास, शैलावहिनींकडे, पोचले.